झाड आडवं येतं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर छत्री बसवायला माणूस आला. छत्री म्हणजे टीव्हीची ती वाटोळी थाळी. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा शेजाऱ्यांच्या अशोकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, झाड आडवं येतं. शेजाऱ्यांना सांगून शेंडा उतरवून घ्या."

त्याचं खरंच होतं. या थाळीला वरचा उपग्रह सरळ दिसावा लागतो, मध्ये पानं आली की चित्राचे तुकडे पडतात. तरी ते तीन शब्द मला नवे नव्हते. मी म्हटलं, झाडाला हात लावायचा नाही, थाळी टाकीजवळच्या कोपऱ्यात घे. तिथे नवा पाइप लागणार, भिंतीला भोकं पाडावी लागणार, दुपार जाणार, म्हणून तो बराच कुरकुरला. मी शिडी धरून उभा राहिलो. सुनेने विचारलं, शेजाऱ्यांच्या झाडाचा तुम्हाला एवढा पुळका कशाला? तेव्हा मी विषय बदलला. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा' असं संपादक दोन वर्षं मागे लागले होते, तर तिला आणि त्यांना एकच उत्तर देऊन टाकतो.

एकोणीसशे पन्नास-साठच्या त्या काळात मी अमरावतीला राजापेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. आठवड्यातले दोन दिवस अकोल्याला जात असे. तेव्हाचा रेडिओ म्हणजे चांगली लहान पेटी. बटण फिरवल्यावर आतले वाल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापेपर्यंत घरातली सगळी मंडळी गप्प बसून राहत. शहरात तो विजेवर चाले, खेड्यात विटेएवढ्या बॅटरीवर. लोकांना वाटे, आवाज पेटीत असतो. खरं म्हणजे निम्मा रेडिओ घराबाहेर असायचा. छपरावरून दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली तांब्याची तार, तिला एरियल म्हणायचं. दुसरी तार घरातून निघून जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेली, ती अर्थ. मी गिऱ्हाइकांना सांगत असे, एरियल हा रेडिओचा हात आणि अर्थ हा पाय. हात कितीही उंच केला तरी पाय घट्ट रोवलेला नसेल तर माणूस डगमगणारच.

हा पाय वऱ्हाडात रोवणं सोपं नाही. आपली काळी जमीन पावसाळ्यात पायाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की आत हात जावा. पत्र्याभोवती मी कोळसा आणि मीठ घालत असे, पण खरं औषध पाणी. माती ओली असेल तरच अर्थ काम करतो. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नाही, अंबागेटजवळच्या एका भटजींच्या बायकोने शिकवलं. त्यांच्याकडे अर्थ पुरायला अंगणात जागा मिळेना, म्हणून मी तुळशीवृंदावनाच्या पायाशी खड्डा मागितला. भटजींनी मोडता घातला. तांब्याला दोष नाही, पण रेडिओवर काय काय लागतं, ते तुळशीखालून जायचं म्हणजे कसं, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांची बायको म्हणाली, "जाऊ द्या हो, जमिनीत सगळंच जातं." खड्डा मिळाला. ती बाई रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घाली आणि ऐन वैशाखात, जेव्हा साऱ्या गावाचे रेडिओ खरखरत, तेव्हा त्या घरात रेडिओ सिलोन खणखणीत लागे. भटजी ते श्रेय तुळशीला देत. मी मनात पाण्याला देई.

म्हणजे मला हे माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

आता दुसरी गोष्ट, जी मी अकोल्यात शिकलो आणि शिकलो नसतो तर बरं झालं असतं. तिथे पाठक नावाचे एक वकील होते. त्यांच्या रेडिओत घरघर येई. मी सेट खोलला, वाल्व्ह बदलले, तार बदलली, अर्थ नव्याने पुरला. घरघर कायम. वकीलसाहेब पाठीमागे उभे राहून उलटतपासणी घेत, कारण काय, कारण सांगा. मला कारण सापडत नव्हतं आणि तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती. खिडकीबाहेर बदामाचं मोठं झाड दिसलं. मी म्हणालो, "झाड आडवं येतं, साहेब." त्यांनी चष्मा वर करून झाडाकडे पाहिलं आणि एकदम त्यांचं समाधान झालं. जे कारण डोळ्यांना दिसतं ते माणसाला लगेच पटतं, मग तो वकील का असेना. फांद्या उतरवल्या, आठवडाभरात घरघर थांबली. पुढे कळलं की मागच्या गल्लीतल्या जिनिंगची मोटर ठिणग्या टाकत होती आणि कापसाचा हंगाम संपल्यामुळे ती बंद झाली होती. तोपर्यंत वकीलसाहेबांनी अर्ध्या अकोल्यात माझं नाव केलं होतं. मी ते नाव खाली पडू दिलं नाही. त्यानंतर दोष सापडला नाही की मी बाहेर बघून झाड शोधू लागलो. तार पानांना घासली तर खरखर येते हे खरंच आहे, त्यामुळे दहात चार वेळा माझं बरोबरही निघे. उरलेल्या सहा वेळी शेवग्याच्या, बकानाच्या फांद्या गेल्या आणि माझं काहीच गेलं नाही.

आता वलगाव.

अमरावतीजवळच्या या खेड्यात तायडे गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. त्यांच्या वस्तीत पहिला रेडिओ त्यांनी आणला आणि बसवायला मला बोलावलं. दोन खोल्यांचं स्वच्छ सारवलेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखालच्या फळीवर रेडिओची जागा आधीच मोकळी केलेली. अंगणात मोठा कडुनिंब आणि त्याच्याखाली बाजेवर गुरुजींचे वडील, संपतबाबा. बाबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. गुरुजी पहिलीत गेले त्या वर्षी बाबांनी तो निंब लावला होता. पोराच्या शाळेचं वर्ष ते झाडाच्या बुंध्याला कवेत घेऊन मोजत, असं गुरुजींनी हसत सांगितलं.

बाबांचा आंघोळीचा दगड झाडाजवळच होता आणि सगळं पाणी मुळाशी जात होतं. मी खूश झालो. अर्थचा पत्रा तिथेच पुरला आणि त्यांना म्हणालो, बाबा, तुम्ही रोज आंघोळ करा, तुमच्या आंघोळीवर हा रेडिओ चालणार आहे. त्यांना या गोष्टीची फार मजा वाटली. पुढे मी गेलो की म्हणत, "भाऊ, आज दोन बादल्या घेतल्या. नागपूर गावातच येऊन बसलं."

तिसऱ्या उन्हाळ्यात गुरुजी सायकल मारत दुकानात आले. रेडिओ खरखरतो, नागपूर केंद्र धड लागत नाही. वैशाखातले लग्नसराईचे दिवस, माझ्याकडे लाउडस्पीकरचीही कामं, समोर एक ॲम्प्लिफायर उघडा पडलेला. मी म्हटलं, तार फांद्यांना घासत असेल, फांद्या छाटा. गुरुजी गेले. आठवड्याने परत आले. फांद्या छाटल्या, खरखर तशीच. आणि या वेळी त्यांनी घाईचं खरं कारण सांगितलं. त्यांची मुलगी सुमन नागपूरला नर्सिंगचं शिक्षण घेत होती. तिला नागपूर केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमात उन्हाळ्यात मुलांची काळजी कशी घ्यावी यावर बोलायला बोलावलं होतं. पुढच्या रविवारी दुपारी. वस्तीतल्या कोणाचा आवाज रेडिओवर येण्याची ती पहिलीच वेळ. बाबांनी तर दिवस मोजायला घेतले होते, कारण नातीला बघणं त्यांच्या नशिबी उरलं नव्हतं आणि गेलं वर्षभर ती घरीही आली नव्हती.

एवढं ऐकून मी उठायला हवं होतं. वलगाव काही दूर नाही. पण त्या संध्याकाळी एका लग्नात कर्णे लावायचे होते, ॲम्प्लिफायर बोलत नव्हता, वरबाप डोक्यावर बसला होता. गुरुजी म्हणाले, "बाबांचं म्हणणं असं पडलं की..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मानही वर केली नाही.

"झाडच आडवं येतं, गुरुजी. नागपूर तुमच्या पूर्वेला, निंबही पूर्वेला. झाड आहे तोवर हे असंच चालायचं."

गुरुजींनी विचारलं, "पाडावं लागेल?"

मी म्हणालो, "पाडलंत तर प्रश्नच मिटला."

नागपूरहून येणाऱ्या त्या लहरींना झाडाचं काही सोयरसुतक नसतं. त्या डोंगर ओलांडून येतात, एका निंबाने त्यांचं काय अडणार? हे मला तेव्हाही कळत होतं. मी खोटं बोलायचं ठरवून बोललो नाही. सवयीने बोललो. ते जास्त वाईट आहे असं मला आता वाटतं.

रविवारी सकाळी गुरुजी तिसऱ्यांदा आले. झाड परवाच पाडलं होतं. खरखर होती तिथेच होती. एवढं सांगून ते सायकलला टेकून उभे राहिले. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि त्यांच्यामागे सायकल काढली.

अंगणात पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबलो. ती जागा ओळखूच येईना. जिथे बारा महिने गार सावली असे तिथे उन्हाचा नुसता भडका, कडेला ओंडके रचलेले, पाला वाळून कुरकुरीत झालेला. बाबांची बाज भिंतीला लावून तिच्यावर गोधडीचा आडोसा केला होता. वस्तीतले वीस-पंचवीस जण डोक्यावर पदर, पंचे, पोती घेऊन आधीच येऊन बसले होते. गुरुजींच्या बायकोने पाणी देताना सांगितलं, की झाड पाडायच्या आधी बाबांनी बुंध्यावरून बराच वेळ हात फिरवला आणि म्हणाले, पोट्टीचा आवाज येत असन त पाडा.

मी सेट तपासला. बॅटरी नवी, वाल्व्ह ठीक. एरियल ताणलेली, आता तिला घासायला काही उरलंच नव्हतं. कार्यक्रमाला पाव तास राहिला असेल. मग मी अर्थच्या तारेवरून हात फिरवत बुंध्यापर्यंत गेलो. पत्रा पुरला होता तिथे जमिनीला लांबलचक भेग पडली होती. तार धरून हलवली तर ती दात हलावा तशी हलली. माती पिठासारखी कोरडी. मी विचारलं, इथे बाबांच्या आंघोळीचं पाणी येत होतं ना? गुरुजींची बायको म्हणाली, विहीर महिन्यापूर्वीच आटली, आता शेजारच्या टाकळी गावाहून डोक्यावरून पाणी आणतो, बाबा ओल्या फडक्याने अंग पुसतात.

मला तिथेच सगळं कळलं. मी एक बादली पाणी मागितलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कारण ते प्यायचं पाणी होतं. गुरुजींच्या बायकोने काही न विचारता बादली आणून दिली. मी ती हळूहळू भेगेत ओतली. माती पाणी ओढत होती त्याचा आवाज येत होता. आतून खरखर बसत गेली, आणि मग निवेदिकेचा आवाज इतका स्वच्छ आला की बसलेली पोरं दचकली.

कोणीतरी विचारलं, पाणी कशाले टाकलं जी? मी म्हणालो, तार तापली होती, थंड केली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुमन बोलू लागली. आवाज थोडा कापत होता, मग सावरला. उन्हात फिरू देऊ नका, पाणी उकळून द्या, लू लागली तर काय करा. बाबा रेडिओच्या दिशेने वाकून, तोंड जरा उघडं ठेवून ऐकत होते. आणि शेवटी तिने सांगितलं की दुपारी मुलांना झाडाच्या सावलीत निजवावं. मोठ्या झाडाच्या सावलीसारखं औषध नाही. आमच्या घरी अंगणात निंब आहे, आमचे आजोबा उन्हाळाभर त्याच्याखाली असतात, त्यांना कधी लू लागली नाही.

गुरुजी तसबिरीकडे पाहत उभे होते. कार्यक्रम संपला, रेडिओवर काहीतरी वाजू लागलं. बाबांनी मला हाक मारली. मी त्यांच्या बाजेजवळ गेलो.

"भाऊ," ते म्हणाले, "झाड आडवंच होतं ना?"

पंचवीस माणसं ऐकत होती. बादली माझ्या पायाशी रिकामी पडली होती. मी म्हणालो, "हो, बाबा. आडवंच होतं."

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो, की म्हाताऱ्याला दुःख नको म्हणून तसं बोललो. झाड गेलं ते गेलं, उगाच गेलं हे तरी कशाला कळावं. समजूत चांगली होती. पण मला ठाऊक आहे, त्या क्षणी मला बाबा दिसत नव्हते. माझ्या दुकानाची पाटी दिसत होती.

पाऊस पडून गेल्यावर, पोळ्याच्या सुमारास मी बॅटरी बदलायला वलगावला गेलो. गुरुजी शाळेत होते. बाबा आंघोळीच्या दगडावर बसले होते, नुकतीच आंघोळ झाली होती. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. त्यांनी हाताने चाचपत अर्थची तार शोधली आणि तिच्या मुळाशी ते पाणी नेमकं ओतलं. जमीन पावसाने ओलीच होती.

मी म्हणालो, बाबा, आता कशाला घालता?

"सवय ऱ्हावी मनून," ते म्हणाले. मग तोंड माझ्याकडे वळवून म्हणाले, "तुमीच त सांगितलं होतं, माह्या आंगोईवर रेडिओ चालते मनून. इहीर आटली तवाच मी मास्तरले म्हनलं, भाऊले पान्याचं विचार. त्यानं विचारलं नाई का?"

मला दुकानातलं ते अर्धं वाक्य आठवलं. बाबांचं म्हणणं असं पडलं की.

मी विचारलं, "मग त्या दिवशी मला झाडाचं काहून विचारलं, बाबा?"

"बादली वतली तवा मले आयकू आलं," बाबा म्हणाले. "डोये गेले, कान हाय. समजलं होतं मले. तुमी काय म्हनता ते आयकाचं होतं."

रागाने बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते अगदी साधं बोलले, जसं पाऊस कसा आहे विचारावं. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, बाबा, चुकलं माझं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "बॅटरी बदलून देतो," आणि घरात गेलो. काम होईपर्यंत ते दगडावरच बसून होते. बाहेर आलो तेव्हाही त्यांनी चेहरा माझ्याकडे ठेवला होता. मी रामराम केला आणि सायकलवर बसलो.

त्या थंडीत बाबा गेले. गुरुजींनी त्यानंतर माझ्याकडून दुरुस्ती करून घेतली नाही, असं नाही. पूर्वीसारखेच येत, तितक्याच आदराने बोलत. निंबाचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. मग ट्रान्झिस्टर आले, त्यांना एरियल लागेना आणि अर्थही लागेना, आणि माझ्या धंद्यातलं अर्धं ज्ञान एका वर्षात कोणाच्या कामाचं उरलं नाही. गुरुजी बदली होऊन दर्यापूरकडे गेले.

सुमनताई पुढे सरकारी दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर गेल्या असं ऐकलं. आता त्याही निवृत्त झाल्या असतील. वर्षापूर्वीपर्यंत मी म्हणत होतो, एकदा गाठून सांगू. आता माझे गुडघे आणि माझं धैर्य दोन्ही सारखीच झाली आहेत. हा अंक कदाचित त्यांच्या हाती पडेल. ताई, तुम्ही रेडिओवर बोललात तेव्हा तुमच्या अंगणात निंब नव्हता. तो दोन दिवसांपूर्वी माझ्या शब्दावर पाडला होता. आणि तुमच्या आजोबांनी मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर असं आहे, की नाही, बाबा, झाड आडवं नव्हतं. जमीन कोरडी होती.